धायरी ते लोणी, कालव्याच्या कडेनं

यंदाची थंडी आली ती न सांगता. आदल्या रात्रीपर्यंत पंखा लावून झोपत होतो आणि परवा सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं, तर नाकाचा शेंडा एकदम गार. खाली वॉचमननं झाडलेला पाला पेटवला होता, त्याचा धूर जिन्यापर्यंत चढला होता. मी पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. आतून लेक ओरडली, "आई, दार लाव ना, फ्रीज झालोय आम्ही!" पण मला दार लावायचं सुचेचना. गारठा पडला की माझी बोटं आपोआप वळतात, सायकलची मूठ धरल्यासारखी. पन्नाशी आली, गुडघे कुरकुरतात, तरी थंडी म्हटलं की मला आधी आनंद होतो आणि स्वेटर नंतर आठवतो. याला कारण चार वर्षांपूर्वीचा एक हिवाळा.

त्या हिवाळ्यात आमच्या घरात एकच विषय होता. धायरीहून लोणी काळभोरला सायकलनं जायचं कसं? म्हणजे सुखरूप जायचं कसं? तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? एकदा करून बघा. पुणं म्हणजे सायकलींचं शहर, असं आपण चारचौघांत ऐटीत सांगतो आणि रस्त्यात खरा सायकलवाला दिसला की त्याच्या कानाशी हॉर्न वाजवतो. आपल्या शहराचा अभिमान आपल्याला असा मागच्या बाजूनं असतो.

लोणीला जायचं होतं अण्णांना. अण्णा म्हणजे माझे वडील; ते आणि आई आमच्याबरोबरच. तेव्हा त्यांना त्र्याहत्तरावं लागलं होतं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून केली, आणि ती सगळी सायकलवरून. काळी, जड, मागे भक्कम कॅरियर असलेली सायकल. पुढच्या दांडीला पक्कड आणि वायरींची कातडी पिशवी. निवृत्त झाल्यावर पिशवी गेली, सायकल राहिली. दर रविवारी ते तिच्या साखळीला शिवणयंत्राचं तेल घालत. त्यासाठी आईच्या यंत्राच्या खणातली बाटली पळवत आणि आई दर रविवारी म्हणे, "या घरात यंत्रापेक्षा सायकलच जास्त शिवण करते."

अण्णांना एक खोड होती. ते सायकलवरून उतरत नसत. सिग्नल असो, खड्डा असो, उलटा येणारा टेम्पो असो, एक पाय टेकवायचा, वाट काढायची आणि पुढे. "सायकलवाला उतरला की पायी चालणारा झाला," असं म्हणत. "मी फक्त खांबावरून उतरतो." हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटायचं!

या खोडीपायीच ते आदल्या पावसाळ्यात पडले. चौकात गाड्या सुटायच्या आत आपण पलीकडे जाऊ, असं त्यांना वाटलं. जाता आलं नाही. कुणाची चूक नव्हती, त्यांचीच होती. मनगट मोडलं, कपाळाला सहा टाके पडले. रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं तेव्हा पांढऱ्या सदऱ्यावर एवढालं रक्त, आणि आई दारात उभी. आई रडली नाही. ती म्हणाली, "उतरला असतात तर?" बस, एवढंच. त्या दिवसापासून सायकल जिन्याखाली गेली, आणि तिच्या कुलपाची किल्ली आईच्या पर्समध्ये.

माझी आई. तिच्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आई कचेरीत अव्वल कारकून होती. तिच्या वस्तीतून सरकारी कचेरीत खुर्चीवर बसलेली ती पहिली बाई, आणि त्या खुर्चीचा मान तिनं एक दिवसही ढळू दिला नाही. तिच्या टेबलावरून चुकीचा कागद पुढे गेला नाही. निवृत्त झाली तरी सवय गेली नाही. घरात काही ठरवायचं असलं की ती म्हणते, "लिहून द्या." माझं लग्नसुद्धा तिनं तीन मुद्दे लिहून घेऊन मान्य केलं होतं. आमचे हे अजून तो कागद पाकिटात ठेवतात. वेळ पडली तर पुरावा असावा म्हणून!

दिवाळी झाली आणि लोणीहून बशीरभाईंचा फोन आला. बशीरभाई म्हणजे अण्णांचे खात्यातले जोडीदार. तीस वर्षं दोघं एकाच लाइनवर. एक खांबावर, एक खाली. बशीरभाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, घराबाहेर पडणं बंद. "जय भीम, बाबूराव," फोनवर त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येईल इतका मोठा. "तू येतोस का मी मेल्यावर येणार?"

"सलाम. येतो की," अण्णा म्हणाले. "सायकलनं येतो."

मी म्हटलं, "अण्णा, मी गाडीनं सोडते की तुम्हाला."

"गाडीनं पाहुणे जातात," अण्णा म्हणाले. मग आईकडे न बघता म्हणाले, "माझं सगळंच बंद करून टाकलंय तुम्ही. भाजी आणायची तर लेक आणते. बँकेत जायचं तर नात येते. मी आता फक्त खुर्चीत बसायचं आणि तुम्ही मला चहा द्यायचा. सहा महिने झाले. असेच किती काढायचे आहेत?"

मी बघत राहिले. अण्णा असं कधी बोलत नाहीत. मला वाटत होतं, ते आरामात आहेत. त्या सहा महिन्यांत त्यांची चाल बदलली होती, ते पाय घासत चालायला लागले होते, आणि आम्ही म्हणत होतो वय झालं. मला स्वतःचीच लाज वाटली.

आई उठली, आत गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली. "एक फेरी," ती म्हणाली. "लोणीपर्यंत. रस्ता मी पास करणार. जाईल ती बरोबर," म्हणजे मी. "आणि तिथे पोचल्यावर जे झालं असेल ते खरं सांगायचं. मला जर वाटलं की पुन्हा तेच, तर सायकल मी माझ्या हातानं भंगारवाल्याला देणार. मग पुन्हा विषय नाही."

अण्णा म्हणाले, "लिहून देऊ?"

"द्या."

आणि त्यांनी खरंच लिहून दिलं.

मग काय विचारता! आमचं घर म्हणजे पाहणी पथक झालं. माझी लेक मैत्री तेव्हा कॉलेजात होती. तिनं तिची सात गिअरची सायकल मला दिली. अण्णांनी ती फिरवून बघितली आणि म्हणाले, "सात कशाला? रस्ता तर एकच असतो." मी पंचवीस वर्षांनी सायकलवर बसले. सोसायटीच्या आवारात पहिली फेरी मारली तेव्हा वरच्या गॅलरीतून एक आजोबा ओरडले, "अहो, ब्रेक उजव्या हाताला आहे!" मी म्हटलं, "माहितीये!" आणि जाऊन कुंडीवर आदळले. पण दुसऱ्या फेरीला वारा कानाशी लागला, आणि मला इतकं हसू आलं की पोरंटोरं बघायला लागली. शाळेत असताना अशीच सुटायचे मी. एवढी साधी गोष्ट आपण का सोडून देतो, कोण जाणे.

पाहणीला दर रविवारी सकाळी साडेसहाला निघायचं, असं ठरलं. कारण उघड आहे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात, हे कंपनीत, मैत्रीला लेक्चर. आम्हाला रविवारच मिळतो. मी सायकलवर, मागे स्कूटरवर मैत्री, तिच्या फोनवर नकाशा उघडलेला आणि गळ्यात आईनं दिलेली वही. आईनं बजावलं होतं, "रस्ता जसा आहे तसा लिहायचा. चांगलं चांगलं लिहू नका."

पहिल्या रविवारी सरळ सोलापूर रस्ता धरला, कारण अण्णांचा हट्ट. "माझा ओळखीचा आहे," म्हणाले. त्यांना आठवत होता तो दोन्ही बाजूंना वडाची झाडं असलेला, ज्याच्या सावलीत ते नि बशीरभाई डबा खात. मी गेले तर वर पूल, खाली खड्डे, कडेला उभे ट्रक आणि सायकलवाल्यासाठी उरलेली वीतभर जागा. मैत्रीनं वहीत लिहिलं, 'झाडं नाहीत. नानी, इथे आईचा सिरियसली जीव गेला असता.' आईनं लाल पेनानं शेरा मारला, 'अमान्य. भाषा सुधारावी.'

पण त्या पहिल्या रविवारची सकाळ! हडपसरच्या अलीकडे टपरीवर आम्ही चहा घेतला. पेला दोन्ही हातांत धरला तरी बोटांत ऊब शिरेना. तोंडातून वाफ येत होती. एक माणूस हातगाडीवर हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या लावत होता, त्यांच्यावरचं दव अजून तसंच. मी एक जुडी घेतली आणि हँडलला अडकवली. घरी येईपर्यंत सोलून खाल्लेल्या घाट्यांची आंबूस चव जिभेवर होती. असं वाटत होतं की मी कुठल्या परगावी जाऊन आले, आणि घरात तर अजून कुणी आंघोळही केली नव्हती.

दुसऱ्या रविवारी कात्रजकडून कोंढव्यावरून गेलो. नकाशात फार छान दिसत होतं. नकाशाला चढ कळत नाही, डंपरही कळत नाहीत. एका उतारावर माझ्या शेजारून एक डंपर गेला आणि त्याच्या वाऱ्यानं मी कडेच्या मातीत गेले. पडले नाही, पण पाच मिनिटं दगडावर बसून राहिले. मैत्री म्हणाली, "आई, हे नानीला नको सांगूया." मी म्हटलं, "लिही." तिनं लिहिलं. आईचा शेरा, 'विषय कायमचा बंद.' आणि त्या दिवशी तिनं मला तूप घालून मऊ भात वाढला.

कालवा सुचला तो अण्णांना. खडकवासल्याहून निघणारा कालवा, सगळे त्याला कॅनॉलच म्हणतात, आमच्या धायरीजवळून शहराच्या पोटातून जातो आणि हडपसर, लोणी करत पुढे पूर्वेला शेतांकडे. त्याच्या कडेनं पाटबंधाऱ्यांचा कच्चा-पक्का रस्ता. "पाणी जातंय तिथे," अण्णा म्हणाले, "पाण्याला चढ चालत नाही." मी आईकडे बघितलं, आईनं पहिल्यांदा मान हलवली. मुद्दा तिला पटला होता.

तिसरा रविवार. काय सांगू! कालव्यावर धुकं असं होतं की पाणी दिसतच नव्हतं, नुसता आवाज. कुठे रस्ता डांबरी, कुठे मुरूम, कुठे वस्ती मध्ये यायची म्हणून गल्लीतून वळसा. एका ठिकाणी बायका कालव्यावर धुणं धूत होत्या, त्यांच्या पाणी तापवायच्या चुलींचा धूर आणि साबणाचा वास एकत्र. शहर संपायला लागलं तशी झेंडूची, गुलछडीची शेतं. वास तर इतका की मी पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल तशीच जाऊ दिली. एक बगळा माझ्या पुढे पुढे उडत होता, बसायचा, मी जवळ गेले की उडायचा, जणू वाट दाखवायची नोकरी त्याच्याकडे होती. मला एकदम ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. कुणी नव्हतंच. मैत्री मागून म्हणाली, "आई, चिल!" आणि मग तीही ओरडली.

त्या रस्त्यात एकच अडचण. फुरसुंगीच्या बाजूला सासवडचा मोठा रस्ता आडवा येतो, तो ओलांडायचा. आम्ही तिथे पोचलो तेव्हा एक दूधवाला गेला, एक एसटी गेली, आणि मग रस्ता मोकळा. मैत्रीनं लिहिलं, 'एक क्रॉसिंग. गर्दी नाही.'

आईनं तीनदा वाचलं. मग नवं पान उलटून लिहिलं, 'मान्य,' आणि खाली सही केली. किल्ली पर्समधून काढून टेबलावर ठेवली. अण्णांनी ती लगेच उचलली नाही. आधी चष्मा पुसला.

अण्णांबरोबर मी लहानपणीही लोणीकडे जायचे. पुढच्या दांडीवर त्यांनी माझ्यासाठी छोटी गादी बांधली होती. असेच थंडीचे दिवस, मी त्यांच्या कोटाच्या आत शिरून बसलेली, आणि वर त्यांची हनुवटी. मधेच ते थांबत आणि म्हणत, "कान लाव." मी टेलिफोनच्या खांबाला कान लावायची. आतून गुंईं असा आवाज यायचा, सतत, बारीक. "हे कोण बोलतंय?" मी विचारायची. "सगळे," अण्णा म्हणायचे. आता ते खांब राहिले नाहीत. पण परवासुद्धा रस्त्यात एक लोखंडी खांब दिसला आणि मी इकडे तिकडे बघून कान लावला. काही नव्हतं. लोखंड मात्र गारेगार होतं.

बशीरभाईंना मंगळवार सोयीचा होता. रविवारी त्यांच्याकडे लेकी-जावई, नातवंडं, बोलायला होत नाही म्हणाले. ठीक, मंगळवार तर मंगळवार. मी किरकोळ रजा टाकली. आईनं अण्णांना कानटोपी घातली, मफलर गुंडाळला, डब्यात गुळाची पोळी दिली. सायकल जिन्याखालून बाहेर आली तेव्हा अण्णांनी तिच्या सीटवर हात फिरवला आणि एका दमात टांग टाकली. सहा महिने पाय घासत चालणारा माणूस! आई गॅलरीत उभी होती. तिनं हात हलवला नाही, पण आम्ही वळेपर्यंत आत गेली नाही.

काय सुरेख निघालो आम्ही! अण्णा पुढे, मी मागे. त्यांची पाठ ताठ. पर्वतीच्या मागून जाताना ते चक्क गुणगुणायला लागले. एका पुलावर थांबून त्यांनी मला दाखवलं, इथून केबल टाकली होती आम्ही, बशीर पाण्यात पडला होता. "मग?" "मग काय, मीच ढकललं होतं." आणि हसत सुटले. मी त्यांना असं हसताना किती दिवसांनी बघत होते! मला वाटलं, झालं, जिंकलो आपण.

आणि मग सासवडचा रस्ता आला.

मी ब्रेक दाबला आणि बघतच राहिले. गाड्यांची नुसती भिंत. कंटेनर, टेम्पो, कंपन्यांच्या बसेस, मोटारसायकली, सगळं एकमेकाला चिकटून, दोन्हीकडून, अखंड. धूळ एवढी की पलीकडची पाटी दिसेना. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिकडे पुढे सगळी गोदामं आहेत. रविवारी गोदामं बंद असतात! आम्ही तिन्ही पाहण्या रविवारी केल्या होत्या, आणि निघालो होतो मंगळवारी. मी, आमचे हे, मैत्री, आणि आयुष्यभर तारीख-वार बघून सही करणारी माझी आई, एकाच्याही लक्षात आलं नाही. आम्ही नोकरदार माणसं, आम्हाला जग फक्त रविवारी बघायची सवय. बाकीचे सहा दिवस ते कसं दिसतं, हे आम्हाला ठाऊकच नाही.

"परत जाऊ या, अण्णा," मी म्हटलं.

अण्णा सायकलवरच होते, एक पाय टेकवलेला. त्यांचं ते जुनं उभं राहणं मला ओळखीचं होतं. फट शोधत होते. मी त्यांच्या कॅरियरला घट्ट धरलं. "अण्णा, नाही हं. अण्णा!"

"ओ बाबा," बाजूनं आवाज आला. "उतरा की खाली. हितं बसून न्हाई जायचं."

कडेला सात-आठ बायका उभ्या होत्या. खांद्याला डब्याच्या पिशव्या, डोक्याला रुमाल. बोलत होती ती पुढे उभी असलेली उंच बाई, चाळिशीची असेल. "गोदामात पॅकिंगला जातो आमी," तिनं मला सांगितलं. "रोजचं हाय. दहा जणी झाल्याबिगर ह्यो रस्ता वलांडायचा न्हाई, असा नेम हाय आमचा. एकटीला गाडीवाला बघतच न्हाई. दहा जणी दिसल्या की दाबतोय ब्रेक."

"आता किती झाल्या?" मी विचारलं.

"आठ. दोघी यायच्यात. उशीर लागंल, एकीचं लेकरू आजारी हाय. पर त्यांना सोडून जायचं न्हाई."

"आम्ही दोघं आहोत की," मी म्हटलं. "झाले दहा."

"तुमी पाव्हणे," ती बाई हसली. "मोजणीत आमच्याच बाया. थांबा निवांत."

मी अण्णांकडे बघितलं. अण्णा त्या रस्त्याकडे बघत होते. त्यांचा हात मुठीवर होता. मला वाटलं आता ते म्हणतील, मी फक्त खांबावरून उतरतो. मग त्यांनी दुसरा पाय सीटवरून काढला, खाली ठेवला, आणि सायकल बाजूला लावून त्या बायकांच्या मागे जाऊन उभे राहिले. रांगेत. शेवटी.

पाऊण तास उभे होतो आम्ही. अण्णांनी डबा उघडला आणि गुळाच्या पोळीचे तुकडे सगळ्यांना दिले. "तीळ घातलेत व्हय?" एकीनं विचारलं. "तीळ नाहीत, खसखस आहे," अण्णा म्हणाले, "बायको घालते." उंच बाईनं त्यांना विचारलं की एवढ्या म्हातारपणी सायकल कशाला, आणि अण्णांनी तिला बशीरभाईंची सगळी गोष्ट सांगितली, पाण्यात ढकलल्याची सोडून. शेवटी त्या दोघी पळत पळत आल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी होतं. कुणी काही विचारलं नाही, नुसती जागा करून दिली.

"चला," उंच बाई म्हणाली आणि हात वर केला. सगळ्या एकदम निघाल्या. अण्णांना त्यांनी मध्ये घेतलं होतं, एकीचा हात त्यांच्या सायकलच्या कॅरियरवर, एकीचा त्यांच्या पाठीवर. कंटेनर थांबला. खरंच थांबला! त्याच्या मागे सगळी रांग थांबली, हॉर्न वाजले, शिव्या आल्या, आणि त्या बायका एकमेकींशी बोलत, न धावता, पलीकडे गेल्या. मी मागून सायकल ढकलत येत होते आणि मला कळत नव्हतं की हसू की रडू. पलीकडे पोचल्यावर उंच बाईनं अण्णांना सांगितलं, "येताना पाचनंतर या. सुट्टी असती आमची, सोडतो पलीकडं."

पुढचा रस्ता पुन्हा कालव्याचा. पाणी, बाभळी, ज्वारीला आलेली कणसं. पण मला आता काही दिसत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच. आईला काय सांगायचं? सगळं सांगितलं तर रस्ता नापास. रस्ता नापास म्हणजे सायकल गेली. सायकल गेली म्हणजे अण्णा पुन्हा खुर्चीत. मी मनात वाक्यं जुळवायला लागले. थोडी गर्दी होती, पण काही विशेष नाही. एका ठिकाणी थांबलो जरा. यात खोटं काय? लोणीच्या अलीकडे एक छोटा चौक लागला, दोन ट्रॅक्टर येत होते. अण्णा थांबले. खाली उतरले. ट्रॅक्टर जाऊ दिले. मग बसले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

बशीरभाई अंगणात खुर्ची टाकून बसले होते, पाय स्टुलावर. अण्णांना बघून त्यांना उठता येईना आणि बसवेना. "सायकलनं आलास?" ते चारदा म्हणाले. "बाबूराव, सायकलनं आलास?" अण्णा त्यांच्या शेजारी बसले, आणि दोघं म्हातारे एकमेकांचा हात धरून बराच वेळ नुसतेच बसले. भाभींनी चहा आणला. आणि माझा फोन वाजला. आईच होती.

"पोचलात?"

"हो आई, पोचलो, मस्त," मी सुरू केलं. "रस्ता एकदम छान, थोडीशी गर्दी होती मध्ये, पण तसं काही..."

"दे इकडे," अण्णा म्हणाले. मी मान हलवली, नको. त्यांनी हात पुढे धरून ठेवला. मी दिला. त्यांच्या कानासाठी फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे सगळ्यांना ऐकू येत होतं.

"ती काय सांगतेय ते ऐकू नको," अण्णा म्हणाले. "सासवडच्या रस्त्याला फार वाईट गर्दी होती. आपण पाहणी रविवारी केली, तिथेच चुकलं. मला भीती वाटली."

मी उभी होते ती खाली बसले. अण्णांच्या तोंडून हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता.

"मग?" आई म्हणाली.

"मग उतरलो."

"कोण उतरलं?"

"मी. कामाला जाणाऱ्या बायका होत्या, त्यांच्याबरोबर पाऊण तास उभा राहिलो. त्यांनी पलीकडे नेलं."

तिकडून कुकरची शिट्टी ऐकू आली, ती संपली. बशीरभाईंनी कप अर्ध्यावर धरला होता. मी मनात म्हटलं, गेली सायकल. संपलं. अण्णा जमिनीकडे बघत होते. पुन्हा बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक होता.

"ते त्या बाईनं सांगितलं म्हणून उतरलो," ते म्हणाले. "पण पुढे लोणीच्या चौकात कुणी सांगितलं नव्हतं. तिथे माझा मीच उतरलो."

मग आईचा आवाज आला. ती रडत होती, आणि आम्ही कुणी तिला याआधी रडताना ऐकलं नव्हतं.

"मग आता तुम्ही कुठंही जा," ती म्हणाली.